मुक्ताबाईची नानकटाई आणि गंगम्माचा सोमवार

मुक्ताबाईला कुणी तोंडभरून चांगलं म्हटलं की तिला आधी संशय यायचा. "लई छान झालंय" म्हणणाऱ्या माणसानं एक तर ते खाल्लेलं नसतं, नाहीतर त्याला आपल्याकडून काहीतरी काढायचं असतं, असं तिचं पक्कं मत. खाणारं माणूस खोड काढतंच. मीठ पुढं गेलं, तिखट मागं राहिलं, भाकरीचा पापुद्रा नीट सुटला नाही, असं काहीतरी बोलल्याशिवाय खाणाऱ्याच्या जिभेला चैन पडत नाही. तिचा नवरा जोतीराम तर ताटावर बसला की फौजदार व्हायचा. मुक्ताबाई त्याला वरवर चार शब्द सुनवायची, पण मनातून खूश असायची. माणूस मन लावून जेवतोय, एवढं तिला पुरे होतं.

म्हणूनच घरमालकीण गंगम्माचं एक वाक्य तिला आठ वर्षं सलत होतं. दर नाताळाला मुक्ताबाई नानकटाईचं ताट तिच्याकडं द्यायची. रिकामं ताट कुणी परत करत नाही, म्हणून संध्याकाळच्या आत ते ताट लखलखीत घासून, वर मूठभर साखर घालून परत यायचं, आणि गंगम्मा ओट्यावरून हसून म्हणायची, "लई चांगली झाली हुती हं मुक्ता."

ना खोड, ना खुसपट. आणि दुसऱ्या दिवशी गंगम्माच्या दुकानाच्या गाडीवानाची पोरं दोन्ही हातांत नानकटाई घेऊन गल्लीभर फिरायची. डोळे असलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं?

मुक्ताबाई मूळची माढ्याकडची. तिच्या बापानंच बाप्तिस्मा घेतलेला, त्यामुळं ती जन्मानं ख्रिस्ती. लग्न होऊन सोलापुरात आली आणि वर्षभरात नवऱ्याच्या पाठोपाठ गिरणीत रीळखात्यात लागली. ठेंगणी, सावळी, पायाला भिंगरी. बोलायला लागली की गिरणीच्या खडखडाटातही चार रांगांपलीकडं ऐकू जायची. आधी ती दोघं देवळाजवळच्या, म्हणजे चर्चजवळच्या, ख्रिस्ती चाळीत राहायची. पोरं झाली, जागा पुरेना, म्हणून गिरणीच्या जवळ गंगम्माच्या घरामागच्या दोन खोल्या घेतल्या.

गंगम्मा लिंगायत. माहेर मैंदर्गीचं, त्यामुळं मराठी बोलता बोलता मधेच कानडीत शिरायची आणि ऐकणाऱ्याला तिथंच सोडून पुढं जायची. नवरा रुद्रप्पा, भुसार मालाचं दुकान. खोल्या देताना तिनं एकच अट घातली होती. "अंडं-मटण माझ्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई."

मुक्ताबाईनं ती अट पाळली. जोतीरामला रस्सा खायचा झाला तर तो रविवारी प्रार्थना झाली की चाळीत जाऊन खायचा आणि मिशा पुसत घरी यायचा. नानकटाईत तर मुक्ताबाई अंडं कधी घालतच नव्हती. तूप, साखर, मैदा, मूठभर रवा आणि वेलची, बस. हे तिनं गंगम्माला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. गंगम्मानं मान डोलावली होती आणि ताट गाडीवानाकडं गेलं होतं. म्हणजे अडचण अंड्याची नव्हती. अडचण अंड्याच्या बरीच अलीकडची होती, मुक्ताबाईच्या हाताची होती, आणि ती काय आहे हे दोघींनाही ठाऊक होतं. मुक्ताबाईला त्याचा राग यायचा. राग आला की ती पुढच्या वर्षी ताटात दोन नानकटाया जास्त घालायची.

पण चौतीस सालच्या श्रावणात एक गोष्ट घडली. गंगम्माला ताप भरला. सून बसम्मा बाळंतपणाला माहेरी गेलेली, रुद्रप्पा दुकानात. मुक्ताबाई गिरणीतून आली तर आतून कण्हल्याचा आवाज. ती आत गेली, कपाळावर ओली पट्टी ठेवली, आणि गंगम्मानं डोळे मिटूनच पाणी मागितलं म्हणून तांब्या तोंडाला लावला. गंगम्मा ते पाणी प्याली. मग डोळे उघडून तिनं कोण पाजतंय ते बघितलं, आणि पुन्हा प्याली.

त्या पाण्याचा विषय दोघींनी परत कधी काढला नाही. फक्त नाताळ जवळ आला तेव्हा गंगम्मानं ओट्यावर बसून, दुसरीकडंच बघत विचारलं, "काय काय घालतीस गं त्या नानकटाईत?"

मुक्ताबाईनं संधी सोडली नाही. "अव्वा, सांगू कशाला? तुमच्या म्होरं करते की. तूप तुमचं घ्या, परात तुमची घ्या, आन् बसा बघत."

गंगम्मानं आणखी एक विचारलं. "भाजतीस ती भट्टी त्या पाववाल्या मदारसाबची न्हवं?"

"व्हय."

"इस्तवाला इटाळ न्हाई," गंगम्मा स्वतःशीच म्हणाली, आणि तो प्रश्न तिनं तिथंच मिटवला. "सोमवारी माझा उपास असतोय. दिवेलागणीला सोडताना तुझी नानकटाई खाईन."

त्या वर्षी नाताळ मंगळवारी होता. म्हणजे आदल्या दिवशीचा सोमवार. मुक्ताबाईनं ही गोष्ट रात्री जोतीरामला सांगितली. जोतीराम म्हणाला, "खाईल तवा खरं." तोही आठ वर्षं गाडीवानाची पोरं बघत आला होता.

रविवारी दुपारी अंगणात परात मांडली. गंगम्मा पाटावर बसली, हाताशी तुपाचा डबा. तिच्या तुपाची एक तऱ्हा होती. कढवताना ती त्यात विड्याचं पान टाकायची, तशी तिच्या माहेरची पद्धत, आणि त्या तुपाला एक मंद, ओळखू येणारा वास असायचा. मुक्ताबाईनं तळहातानं तूप फेटलं, पांढरंशुभ्र होईपर्यंत फेटलं, मग साखर, मग मैदा, रवा, वेलची. गंगम्मा मांजरीसारखी टक लावून बघत होती. एकदा तर न राहवून म्हणाली, "जरा हळू गं, तूप माझं हाय."

गोळे पत्र्यावर मांडून झाले, आणि शेवटी मुक्ताबाईनं कनवटीचा बॉबिन, म्हणजे गिरणीतलं सूत गुंडाळायचं मोडकं लाकडी रीळ, काढला.

आता ही बॉबिनची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यात आहे. नानकटाई घरी मळायची, पण भाजायला लष्कर भागातल्या मदारसाबच्या भट्टीवर न्यायची, अशी ख्रिस्ती बायकांची रीत. नाताळाच्या आधी त्याच्याकडं पत्र्यांची ही रांग लागायची. पाव निघाले की उतरत्या आचेवर तो ते पत्रे आत सरकवायचा. पत्रे सगळे सारखे, त्यामुळं कुणाचं काय हे कळावं म्हणून प्रत्येक बाई आपल्या नानकटाईवर आपला छाप दाबायची. कुणाची किल्ली, कुणाचं अंगुस्तान, कुणाचा बांगडीचा तुकडा. मुक्ताबाईचा छाप बॉबिनच्या बुडाचा. गिरणीतल्या मोडक्या बॉबिनचं ते बूड दाबलं की मधे खळगा आणि भोवती गोल उठायचा. मदारसाबला ते सगळे छाप पाठ होते. "नाम कौन पढते बाई," तो म्हणायचा, "छाप देखता, दे देता."

मुक्ताबाईची मैत्रीण वच्छला कोटाच्या बटणाचा छाप मारायची. ही वच्छला ख्रिस्ती चाळीतली, गिरणीत तिच्याच रांगेत कामाला. अंगानं ऐसपैस, हसायला लागली की पदर तोंडात कोंबावा लागायचा. पूर्वी ती एका मडमेच्या बंगल्यावर आया होती. तिथली विद्या म्हणून ती नानकटाईत अंडी घालायची, आणि आपलीच नानकटाई खरी, बाकीच्या बायका नुसतं पीठ भाजतात, असं सांगत फिरायची. त्या वर्षी तिचं बटण हरवलं. मग तिनं काय करावं? रीळखात्यातच काम करणारी बाई. कोपऱ्यात पडलेला एक मोडका बॉबिन उचलला आणि दिला ठेवून छाप. एकाच गिरणीचा बॉबिन, एकाच मापाचं बूड. आणि एवढी बडबडी बाई, पण हे तेवढं मुक्ताबाईला सांगायचं विसरली.

सोमवारी पहाटे मुक्ताबाई भट्टीवर गेली तेव्हा मदारसाबनं छाप बघितला आणि पत्रा पुढं केला. तिनं अंधारातच नानकटाई डब्यात भरली, घरी येऊन ताट सजवलं, वर फडकं झाकलं. चाखून मात्र बघितली नाही. नाताळच्या प्रार्थनेआधी फराळाला तोंड लावायचं नाही, हा तिच्या बापापासूनचा नेम. पोरांनी डब्याकडं हात नेला की ती चापट मारायची आणि "प्रार्थनेआधी न्हाई" असं इतक्या मोठ्यांदा म्हणायची की पुढच्या घरात गंगम्मालाही ते पाठ झालं होतं.

ताट गंगम्माच्या हातात दिलं. या खेपेला गंगम्मानं ते ओट्यावर ठेवलं नाही, स्वतः आत नेलं. मुक्ताबाई गिरणीकडं अशी निघाली की भोंगा होण्याआधीच दारात हजर.

दुपारच्या सुट्टीत वच्छलानं फडकं सोडलं. तिला असले नेमबिम ठाऊक नव्हते. प्रभूला पोट कळतं, असं तिचं म्हणणं.

"ही बघ गं मुक्ता, औंदा माझी नानकटाई बिघडली. अंडी घातली, तरी भुसभुशीत. हात लावला की फुटतीया. ते मदारसाबनं आच कमी दिली असंल."

मुक्ताबाईनं सहज बघितलं. नानकटाई पांढरट होती आणि वर मधे खळगा, भोवती गोल.

"हा छाप कुटला?"

"बॉबिनचा. बटण गेलं न्हवं का माझं." आणि वच्छला हसायला लागली. मग मुक्ताबाईचं तोंड बघून थांबली.

मुक्ताबाईनं ती नानकटाई नाकाशी नेली. वेलचीचा वास होता, पण वेलची दोघींचीही. खात्री करायची तर एकच रस्ता. तिनं एकदा डोळे मिटले आणि तुकडा तोंडात टाकला. तो जिभेवर विरघळला आणि मागून हळूच आला तो विड्याच्या पानाचा वास. मैंदर्गीचं तूप. गंगम्माचं तूप.

"वच्छले, ही माझी हाय," ती म्हणाली. "तुझी अंड्याची गंगम्माच्या घरात गेलीया."

वच्छलाला आधी पुन्हा हसू आलं, पण तिनं ते आवरलं. मग तिनं शहाणपण शिकवलं. "अगं, मग गप बस की. त्या बाईनं जन्मात अंडं चाखलंय व्हय? तिला काय कळणार? खाईल, आन् लई चांगली झाली हुती म्हणंल."

"मला कळंल की," मुक्ताबाई म्हणाली.

"सांगितलंस तर खोली जाईल. आन् पुन्यांदा तुझ्या हातचं ती पाणीसुद्धा घ्यायची न्हाई. आट वर्षांनी कुटं हात म्होरं केलाय तिनं."

हे सगळं मुक्ताबाईला वच्छलापेक्षा जास्त कळत होतं. पण गप बसणं तिला जमणारं नव्हतं. ती मुकादमाकडं गेली, लवकर सोडा म्हणाली. मुकादम म्हणाला, "उद्याची नाताळची सुट्टी घेतलीस, आता आजची बी पायजे? काय आडवं आलं?" अंडं आडवं आलं, हे कसं सांगणार? ती परत येऊन आपल्या रांगेत उभी राहिली. त्या दुपारी तिच्या हातून जितके धागे तुटले तितके सबंध वर्षात तुटले नसतील.

हिवाळ्यात भोंगा आणि दिवेलागण यांत फारसं अंतर नसतं. भोंगा वाजला तशा दोघी दारातून सुटल्या. वच्छला चाळीकडं, खरा डबा आणायला. मुक्ताबाई घराकडं. लुगड्याचा काचा घट्ट करून ती अशी निघाली की टांग्याच्या घोड्यानंही मान वळवून बघावं. नाक्यावरचे जोतीरामचे दोस्त म्हणाले, "मुक्ताबाई, आग लागली काय कुटं?" ती म्हणाली, "लागायची हाय," आणि थांबली नाही.

गंगम्माच्या दारात बसम्मा दिवा लावत होती. "अव्वा पूजेला बसल्यात," ती म्हणाली. सोप्यातून आतलं दिसत होतं. गंगम्मा डोळे मिटून बसलेली, डाव्या तळहातावर इष्टलिंग. तिथं कुणी हाक मारायची नसते. पलीकडं पाट मांडलेला, जेवणाचं ताट वाढलेलं, आणि त्या ताटात भाकरीशेजारी बाजूला काढून ठेवलेली एक नानकटाई. बाकीचं ताट फडक्याखाली झाकलेलं. खरंच खाणार होती बाई. मुक्ताबाईला ते बघून रडू यायला लागलं. दिली असती गाडीवानाला तर आज किती बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं.

गंगम्मा उठली, पाटावर येऊन बसली, आणि उंबऱ्याबाहेर उभ्या मुक्ताबाईला बघून खुशीत म्हणाली, "आलीस? बरं झालं. बघ, तुझ्याम्होरं खाते."

"अव्वा, खाऊ नका."

"का गं?"

"त्यात अंडं हाय."

 गंगम्मानं पुढं केलेला हात मांडीवर ठेवला. मुक्ताबाईनं एका दमात सगळं सांगितलं, बॉबिन, बटण, मदारसाब, वच्छला. काही गाळलं नाही, स्वतःला वाचवायलाही काही घातलं नाही.

"माझ्या डोळ्यांम्होरं तर मळलंस," गंगम्मा म्हणाली.

"मळलेली ती ही न्हवं. ती वच्छलाकडं गेली."

"आन् तुला कसं कळलं? छाप तर एकच म्हणतीस."

"चाखली मी. तुमच्या तुपाचा वास आला. पानाचा."

गंगम्मा तिच्याकडं बघत राहिली. "चाखलीस? आज?"

"व्हय."

"तुमची प्रार्थना तर उद्या हाय."

"व्हय," मुक्ताबाई म्हणाली. 

तेवढ्यात वच्छला डबा घेऊन धापा टाकत आली. "अव्वा, चूक माझी," एवढंच तिला बोलता आलं, आणि ती ओट्यावर मटकन बसली.

गंगम्मानं बसम्माला कानडीत काहीतरी सांगितलं. बसम्मानं जेवणाचं ताट उचललं, दुसरं वाढायला घेतलं. फडक्याखालची सगळी नानकटाई वच्छलाच्या पदरात ओतली. मुक्ताबाईचं ताट राखेनं घासून, धुऊन आणलं. "डब्यातली त्यात ठेव," गंगम्मा म्हणाली. मुक्ताबाईनं नानकटाई लावली. गंगम्माच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. राग असता तर बरं, रागाशी भांडता येतं.

"जावा आता," गंगम्मा म्हणाली. "मला उपास सोडू दे."

घरी येऊन मुक्ताबाईनं आपल्या डब्यातली उरलेली अंड्याची नानकटाईही वच्छलाकडं देऊन टाकली आणि ती दाराशी बसली. साखर घातलेलं ताट दरवर्षी संध्याकाळीच परत यायचं. त्या संध्याकाळी ते आलं नाही. जोतीरामनं पोरांना जेवायला वाढलं आणि म्हणाला, "म्हातारीनं ताटच ठिवून घेतलं की काय. आता दुसरी खोली हुडकायला लागतीया." मुक्ताबाईनं त्याला चार शब्द सुनवले नाहीत, तेव्हा तो घाबरला.

सकाळी देवळात सगळे जोरात गात होते. मुक्ताबाईनं डोळे मिटले आणि देवाला सरळ सांगून टाकलं: "नेम मोडला बघ माझा. पण एका बाईचा नेम राखायला मोडला. तुला पटतंय का, तुझं तू बघ. आन् खोली तेवढी राहू दे."

घरी परतली तर दारात गाडीवानाची पोरं उभी. हिरमुसलेली तोंडं. मोठा म्हणाला, "मावशी, औंदा नानकटाई न्हाई व्हय?"

"अव्वानं दिली न्हाई तुमाला?"

"न्हाई की."

म्हणजे ताट या खेपेला गाडीवानाकडं गेलं नव्हतं. वच्छलानं प्रार्थनेनंतर पदरात बांधून दिलेली अंड्याची नानकटाई तिनं उंबऱ्याबाहेरच पोरांच्या ओंजळीत घातली. पोरं खुशीत पळाली. त्यांना ती दरवर्षीपेक्षा जास्त आवडली, असं नंतर कळलं, पण ते वच्छलाला कुणी सांगितलं नाही.

ताट आलं ते दुपारी. आणि ते घेऊन बसम्मा नाही, गंगम्मा स्वतः आली. आठ वर्षांत मागच्या खोल्यांच्या दाराशी ती कधी आली नव्हती. काम असलं की ओट्यावरून हाक मारायची. जोतीराम उभाच राहिला. ताटात साखर होती, आणि साखरेच्या मधोमध मोत्याची एक बुगडी.

"ही घे," गंगम्मा म्हणाली. "हिची जोडी गड्ड्याच्या जत्रेत हरवली, लई वर्षं झाली. एकटी बुगडी घालायची कशी? नुसती पेटीत पडून हाय. बॉबिन गिरणीत पोत्यानं पडल्यात. हिची जोडी मात्र कुणाकडं न्हाई. म्होरल्या साली हिचा छाप दाब. मदारसाबला सांग, ह्यो छाप गंगम्माच्या घरचा."

मुक्ताबाईनं बुगडी तळहातावर घेतली. पण तिचं लक्ष गंगम्माच्या तोंडाकडं होतं. आता ही बाई ते वाक्य म्हणणार. लई चांगली झाली हुती हं मुक्ता. म्हणाली की कळणार, बुगडी दिली खरी, पण नानकटाई कुठल्यातरी डब्यात तशीच पडली आहे.

गंगम्मानं घसा साफ केला.

"आन् एक सांगते, राग मानू नगंस. साखर पुढं गेलीया तुझी. एवढी साखर घालतात व्हय? तुपाची चवच मारली. आन् जायफळ कुटं हाय? निस्ती वेलची कोण घालतंय?"

मुक्ताबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि तोंडभर हसू होतं. जोतीरामला काही कळेना. शिव्या खाऊन ही बाई हसतीया का रडतीया, अशा नजरेनं तो पोरांकडं बघायला लागला.

मुक्ताबाईनं डोळे पदरानं पुसले. आतून पाट आणून दाराशी मांडला.

"बसा अव्वा," ती म्हणाली. "आजून काय काय चुकलंय?"

"बुडाला करपल्यात बी," म्हणत गंगम्मा पाटावर बसली, आणि सांगायला लागली.